कानटोपीची सावली

त्या वाळवंटी शहरात विमान बदलण्याआधी थोडं फिरून यायचं असेल, तर विमानतळावरच्या काउंटरवर आपली सावली जमा करावी लागते. शहर नवंकोरं आहे. इमारती काचेच्या आहेत आणि काचेची सावली पडली तरी तिला गारवा नसतो. झाडं लावली आहेत, पण ती अजून लहान आहेत. तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्यांच्या सावल्या घ्यायच्या, बसथांब्यांवर आणि बाकांवर अंथरायच्या आणि फिरून आल्यावर ज्याची त्याला परत करायची, अशी तिथली रीत आहे. त्याबदल्यात बस फुकट, गाइड फुकट आणि पाण्याची बाटलीही फुकट.

प्रमिलाबाई कवठेकरांना फुकटच्या बसचं काही सोयरसुतक नव्हतं. त्या मिरजेहून ग्लासगोला लेकीकडे निघाल्या होत्या, पण हे शहर वाटेत लागेल असंच तिकीट त्यांनी हट्टाने काढायला लावलं होतं. नवऱ्याची सावली इथे राहिली होती. ती घरी न्यायची होती.

अरविंदराव लेकीच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला एकटेच गेले होते, कारण तेव्हा प्रमिलाबाईंचा गुडघा धरला होता. परतताना ते हे शहर बघून आले. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी गच्चीत प्रमिलाबाई कुरडया वाळत घालत होत्या, तर हे येऊन उन्हाच्या बाजूला उभे राहिले आणि कुरडयांवर काहीच पडलं नाही.

"अहो, तुमची सावली कुठाय?"

"राहिली तिकडे. निघताना येतो म्हटलं, तर ठेवूनच घेतली त्यांनी."

"आणि तुम्ही ठेवू दिलीत?"

"विमान सुटत होतं, प्रमिला. भांडत बसू का? पुढच्या खेपेला आणू."

मिरजेत कुणाच्या काही लक्षात आलं नाही. लोकांना दुसऱ्याच्या पगारात रस असतो, सावलीत नसतो. पुढची खेप मात्र झाली नाही. गेल्या थंडीत अरविंदरावांनी रात्रीचं दूध घेतलं, कानटोपी घातली आणि ते सकाळी उठले नाहीत. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. धाकट्या दिरांनी हात जोडून सांगितलं, वहिनींना अंतर देणार नाही. भाच्याने सांगितलं, गच्चीची गळती काढून घेतो. कावळा शेजारच्या भिंतीवर बसून सगळं ऐकत राहिला. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. माणूस निम्मा तिकडे असताना कावळा कसा शिवेल, हे प्रमिलाबाईंना कळत होतं. लेकीशिवाय त्या कुणाला बोलल्या नाहीत.

काउंटरवर रुक्साना परकार नावाची बाई होती. पासपोर्ट पाहून ती मराठीतच बोलू लागली.

"मिरजेच्या काय तुमी? मी दापोलीकडची. बोला काकी."

प्रमिलाबाईंनी सगळं सांगितलं. रुक्सानाने मान हलवली.

"नियम असा हाय, काकी. निघताना जो जातो म्हणेल, त्याची सावली परत. जो येतो म्हणेल, त्याची ठेवून घ्यायची. तो परत येणारच, मग ने-आण कशाला?"

"अहो, पण आपल्यात जातो म्हणत नाहीत!"

"मला ठाव नाय काय? मी तरी कुठं म्हणते? इथल्या बाकांवर निम्मी मराठी माणसंच पसरलीत. तमिळ लोकांची पण हीच गत. मी साहेबांना सांगून बघितलं. ते म्हणतात, ज्याला जायचंय, तो येतो कशाला म्हणेल?"

यात साहेबांचं काही चुकलं असं प्रमिलाबाईंना म्हणवेना.

"मग आता?"

"घरच्या माणसानं सावलीसमोर उभं राहून सांगायचं, हे गेले, आता येणार नाहीत. एवढं म्हटलं की सावली उठते नि तुमच्या मागून येते. पण मोठ्यानं. मनातल्या मनात चालत नाय. बाकाखाली माइक हाय, इथं ऐकू येतं."

'गेले' हा शब्द प्रमिलाबाईंनी आजवर एकदाही उच्चारला नव्हता. गॅसवाल्याचा फोन आला तरी त्या 'ते घरी नाहीत' एवढंच सांगत.

रुक्सानाने त्यांची सावली पायापासून सोडवली, सतरंजीसारखी गुंडाळली आणि फडताळात ठेवली. प्रमिलाबाईंना पाय उगाच उघडे वाटू लागले.

बसने शहर दाखवलं. उंच मनोरा दाखवला, यंत्राने वाहणारी नदी दाखवली. वाळूचं संग्रहालयही दाखवलं. शहराने सगळी वाळू झाडून बाहेर काढली होती, तेव्हा मुलांना माहीत असावी म्हणून थोडी काचेआड ठेवली होती. प्रमिलाबाई तोंडाने पाठ करत होत्या, हे गेले, आता येणार नाहीत. शेजारच्या प्रवाशाला वाटलं, स्तोत्र म्हणताहेत.

अरविंदराव संग्रहालयामागच्या बाकावर होते. प्रमिलाबाईंनी लगेच ओळखलं. विमानतळावरच्या एसीला भिऊन ते तिकडेही कानटोपी घालून हिंडले होते, आणि सावलीच्या डोक्यावर टोपीचा गोंडा स्पष्ट दिसत होता. खांदे तसेच, पुढे झुकलेले. सावलीत बागकाम करणारी माणसं डबा खात होती. एकाने सरकून बाईंना जागा दिली.

प्रमिलाबाई बसल्या. गार वाटलं. ऊन सरकलं तशी सावलीही सरकली आणि त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यावर आली.

"यंदा कुरडया केल्या नाहीत," त्या हळूच म्हणाल्या. "खाणार कोण? गच्चीची गळती काढली. तुमचा चष्मा आहे तिथेच आहे."

मग त्यांना रडू आलं आणि त्या भरपूर रडल्या. दहाव्यालासुद्धा त्या इतक्या रडल्या नव्हत्या. डबा खाणाऱ्यांनी माना खाली घातल्या.

गाइडने बसची घंटा वाजवली. प्रमिलाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, बाकासमोर उभ्या राहिल्या. पाठ केलेलं सगळं जिभेवर होतं. घंटा पुन्हा वाजली. त्यांनी पदर नीट केला आणि भाजीला, देवळाला, भिशीला निघताना जन्मभर म्हणत आल्या तसं म्हणाल्या,

"येते हं."

सावलीचा गोंडा हलला. वारा नव्हता.

काउंटरवर रुक्साना फडताळ न उघडता उभी होती.

"काकी, तुमी हे काय बोललात?"

"ऐकलंत ना."

"आता तुमची पण देता येत नाय मला. एक सांगू? विमानाला वेळ हाय. टॅक्सी देते, परत जाऊन नीट म्हणून या."

"आत्ताच येते म्हणून निघाले," प्रमिलाबाई म्हणाल्या. "लगेच कुठल्या तोंडाने त्यांना गेले म्हणू?"

रुक्सानाने डोळे पुसले आणि मग कामाच्या आवाजात विचारलं, "कुठं अंथरू?"

"त्याच बाकावर. ह्यांच्या डाव्या बाजूला. फार चिकटून नको, टोपीत त्यांना उकडतं."

"बरं. या, काकी."

"येते."

ग्लासगोला लेक मुग्धा न्यायला आली होती. बाहेर आभाळ गच्च भरलेलं होतं. कुणाचीच सावली पडत नव्हती, त्यामुळे तिच्या काही लक्षात आलं नाही. तिने आईच्या हातातली पिशवी घेतली आणि आईच्या मागे वाकून पाहिलं.

"बाबांची आणलीस?"

"नाही," प्रमिलाबाई म्हणाल्या. "त्यांना सोबत देऊन आले."