काकराजांच्या दहीभाताची मोहीम

श्री. राज्ये आली आणि बुडाली, तख्ते फुटली, आणि ती फोडणाऱ्यांची नावे पोरांनी परीक्षेपुरती पाठ केली. परंतु परकरात नाडी ओवण्याकामी सेफ्टी पिन प्रथम कोणी योजिली, आणि दोरीवरल्या कपड्यांस चिमटा कोणी दिला, त्यांची एक ओळ कोणी लिहून ठेविली नाही. तैसे पुन्हा न व्हावे म्हणोन अंबत्तूर मुक्कामी जे घडले ते साद्यंत लिहितो.

राजमान्य राजेश्री त्र्यंबकराव, मूळ राहणार सातारा, हे चाकरीनिमित्त चेन्नपट्टणी अंबत्तुरास येऊन मोटारीच्या सुट्या भागांचे साचे आखण्याचे हुद्द्यावर रुजू जाहले, आणि तंजावरकर मराठी घराण्यातील विद्यालक्ष्मी यांशी सोयरीक जुळली, आणि मग सासरे गुरुमूर्ती मागील साली निवर्तल्यावर सासूबाई महालक्ष्मीबाईसाहेब लेकीजावयापाशी राहावयास आल्या. त्यांचा शिरस्ता ऐसा, की दुपारी गच्चीच्या कठड्यावर दहीभात ठेवावा, 'का, का' ऐसा पुकारा करावा, आणि कावळ्याच्या रूपे यजमान जेवून गेले की मग आपण पानावर बसावे.

तो पारव्यांची फौज चाल करोन आली. भात ठेविला न ठेविला तोच गनीम तुटून पडे, आणि काकराज समोरच्या पाण्याच्या टाकीवर बसून तमाशा पाहत. बाईसाहेबांचा हुकूम सुटला, की पारव्याने खाल्लेले यजमानांस पोचत नाही. कावळा शिवेतो आम्ही अन्नास शिवणार नाही. इकडे साखरेच्या दुखण्यामुळे डॉक्टरांची ताकीद होती की दुपारचे जेवण टळता नये. एके दिवशी जिन्यात बाईसाहेबांस भोवळ आली. समजूत घालून पाहिली, लेकीने रडून पाहिले, बाईसाहेब बधल्या नाहीत. मग रावांनी मोहीम मुक्रर केली.

प्रथम जुन्या सीडींच्या चकत्या दोरीस बांधोन गच्चीवर टांगिल्या. त्या लखलखू लागताच काकराज परागंदा जाहले, आणि पारवे त्या आरशात माना वेळावून आपले रूप पाहू लागले. मग चकत्या उतरवोन रावांनी कारखान्यातील मंडळींशी मसलत करोन पोलादी पेटी सिद्ध केली, तीस खटका दिला, स्प्रिंग दिली, आणि कावळ्याने दांडी दाबावी, झाकण उघडावे, ऐसा मनसुबा आखिला. नकाशा ऐसा देखणा, की वरिष्ठांनी तोंडात बोटे घातली. परंतु काकराजांस नकाशा दाखविण्याचे राहून गेले. ते पेटीच्या वाऱ्यास उभे राहीनात, आणि पारवीण तीवर काड्या रचोन अंडी घालती जाहली. विद्यालक्ष्मी हसून हसून बेजार जाहल्या, आणि अंडी उबेतो पेटी हलवू नये ऐसा मातोश्रींचा नवा हुकूम आला. राव शरमिंदे जाहले आणि जेवताना कोणाकडे पाहीनात.

ऐसे असता विद्यालक्ष्मींनी नारळ खवून करवंटी ओट्यावर पालथी टाकिली. राव तिजकडे पाहत राहिले. पारव्याचे चोचीस टिपणे ठाऊक, उचलणे ठाऊक नाही; कावळा उचलेगिरीत तरबेज. मग भातावर झाकावयास करवंटी घेऊन तीस माथ्यावर भोक पाडोन, चोचीत धरावयास काथ्याची गाठ मारिली, आणि शस्त्र सिद्ध जाहले. त्यात स्प्रिंग नव्हती, याचे रावांस किंचित वाईट वाटले.

तथापि काकराज नव्या वस्तूस भिणारे. तेव्हा रावांनी धीराची लढाई मांडिली. रोज जेवणाचे सुट्टीत दुचाकीवर दौड करोन घरी यावे, करवंटी प्रथम भातापासून दूर ठेवावी, मग जवळ, मग टेकवून, मग अर्धी वर, आणि आपण छत्री घेऊन पारवे हाकीत उन्हात तिष्ठावे. कावळा जेवला की बाईसाहेब जेवत, मग राव उपाशीच कारखान्यास परतत. शेजारचे कृष्णस्वामी आपल्या गच्चीतून पुसते जाहले, की टीव्हीची डिश बिघडली काय. रावांनी मान डोलाविली, कारण खरे सांगणे अधिक कठीण होते.

अखेर भाद्रपदी अमावास्येस, पितरांचे दिवशी, भात पुरता झाकिला आणि राव छत्री मिटोन दाराआड जाहले. पारवे आले, करवंटीभोवती फेऱ्या घालोन नामोहरम होऊन गेले. मग काकराज टाकीवरून उतरले. गाठ चोचीत धरिली, करवंटी तिरपी केली, मान वाकडी करोन आत डोकावले, आणि मग जेवू लागले.

दाराआडून बाईसाहेब हलके बोलिल्या, "अस्संच बघायचे हो ते, माप्पिळ्ळै. पान मांडायच्या आधी सैपाकघरात येऊन झाकण उघडायचे. मी रोज रागवायची." जावयास ऐसे लाडाने संबोधून त्यांनी डोळ्यांस पदर लाविला. रावांनी छत्री कोपऱ्यास ठेविली. ते म्हणाले, "आई, चला, आता जेवून घ्या."

येणेप्रमाणे अंबत्तूरची मोहीम फत्ते जाहली. बाईसाहेब पोटभर जेविल्या, दहीभात मागून घेतला. रावांनी करवंटीची पोलादी सुधारित आवृत्ती सुचविली, ती दरबारी नामंजूर जाहली. पेटी पारव्यांस इनाम दिली. आणि दुसरे दिवसापासून करवंटी झाकिताना बाईसाहेब टाकीवरल्या काकराजांकडे पाहोन हळूच ताकीद देऊ लागल्या, की आज भात अंमळ गिच्च जाहला आहे, उघडून बघाल तर बघा, पण बोलू नका.