खवलेकाकांची कॅमेरा-चाचणी

एका जंगलात, जिथे पक्की सडक अजून पोचली नव्हती पण जाहिराती पोचल्या होत्या, एक खवले मांजर राहत होतं. नाव वामन. पण सगळं जंगल त्यांना खवलेकाका म्हणे. त्यांची बायको ती खवलेकाकू. आणि काकूंच्या शेपटीवर बसून जगाकडे बघणारी ती त्यांची मुलगी ठमी.

बालमित्रांनो, खवले मांजर तुम्ही पाहिलं नसेल. घाबरलं की ते अंगाचं मुटकुळं करून चेंडूसारखं गोल होतं. मग वाघालाही ते उलगडता येत नाही. आमचे खवलेकाका वाघाला फारसे घाबरत नसत. ते घाबरत निवड करायला. चहा घेणार की सरबत, असं कुणी विचारलं की काका गोल. यजमान बिचारे दोन्ही समोर आणून ठेवत आणि वाट बघत बसत.

आता या जंगलात एक रीत होती. वाटेत कुणी भेटलं की विचारायचं, "काय काम काढलंत?" रीत प्रेमळ होती, पण उत्तर द्यावं लागे. पाण्यावर चाललोय, चालेल. सासुरवाडीला चाललोय, तेही चालेल. पण "सहज फिरायला" असं कुणी म्हणालं, की विचारणारा थबके, वरपासून खालपर्यंत बघे आणि म्हणे, "बरं आहे बुवा तुमचं." संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या पाणवठ्यांवर पोचलेली असे. घरच्या कर्त्याने बायकोमुलीला घेऊन नुसतं हिंडायचं म्हणजे त्याला दुसरं काही येत नसावं, असं तिथे समजत.

त्यामुळे खवल्यांच्या घरचं कुणी कधी फिरायला गेलंच नव्हतं. ठमीला धबधबा बघायचा होता. तो टेकडीपलीकडेच होता, घरात बसून त्याचा आवाज ऐकू येई. काकू कधीमधी विषय काढत. काकांचं उत्तर ठरलेलं होतं. कॅमेरा आला की जाऊ. फोटो न काढता एवढं चालायचं म्हणजे नखं फुकट झिजवायची.

हसू नका. तुमच्या घरीही काहीतरी आलं की कुठेतरी जायचं ठरलेलं असणार.

कॅमेरा मात्र येईना, कारण बाजारात कॅमेरे दोन होते. दोन्ही लहानखुरे, पंज्यात मावणारे, मिररलेस. एकाचं नाव काजवा, दुसऱ्याचं ससाणा. काका रोज मोराचं परीक्षण ऐकायला जात. हा मोर एका उंच खडकावर उभा राहून नव्या वस्तूंचं परीक्षण करी. वस्तू कुठलीही असो, पिसारा आधी फुलवी. मिररलेस म्हणजे आत आरसा नसतो, हे कळल्यावर तो थोडा नाराज झाला होता. तरीही त्याने मन मोठं करून सांगितलं, की काजव्याचे रंग ऊबदार आहेत आणि ससाण्याचे रंग खरे आहेत. काजवा हातात हलका वाटतो, ससाणा हातात भक्कम वाटतो. पायी फिरायला काजवा बरा, कुटुंबासाठी ससाणा बरा.

"आणि कुटुंबाला घेऊन पायी फिरायला?" काकांनी विचारलं.

मोर म्हणाला, शेवटी ज्याची त्याची गरज. एवढं बोलून त्याने पिसारा मिटला. काका जागच्या जागी गोल झाले. काकूंनी त्यांना उतारावरून लोटत घरी आणलं.

कॅमेऱ्यांचं दुकान हुपरीकर शेठ नावाच्या वानराचं होतं, चिंचेच्या फांदीखाली. काका तिथे जात, दोन्ही कॅमेरे हातात घेत आणि दुकानाच्या दारातच गोल होत. गिऱ्हाइकं त्यांना अडखळून पडत. एका सशाने तर खुर्ची समजून त्यांच्यावर बसून चहा घेतला. शेवटी शेठ कंटाळले. त्यांनी दोन्ही कॅमेरे काकांच्या गळ्यात अडकवले आणि सांगितलं, की घेऊन जा, फिरून बघा, आवडेल तो ठेवा, नको तो परत आणा.

आता काकांचा नाइलाज झाला. फिरून बघायचं म्हणजे फिरणं आलं.

दुसऱ्या दिवशी खवले कुटुंब धबधब्याकडे निघालं. वळणावरच शेजारचं तरस भेटलं. त्याने रीतीप्रमाणे विचारलं, काय काम काढलंत? काकू मनातून धसकल्या. पण काकांनी मान ताठ केली आणि म्हणाले, "कॅमेऱ्याची चाचणी आहे."

तरस एकदम बाजूला झालं. चाचणी म्हणजे मोठं काम, असं म्हणून त्याने वाट दिली. काकांना आपली उंची वाढल्यासारखं वाटलं.

धबधब्यावर ठमी तुषारांत नाचली. काका ओरडले, की थांब, आता ससाण्यासाठी परत नाच. ठमी परत नाचली. काकू शेवाळावरून घसरून डबक्यात बसल्या. काजव्याने तो क्षण टिपला, पण ससाण्याचा राहिला. तेव्हा न्याय समान हवा म्हणून काकू पुन्हा घसरल्या. मग सगळ्यांनी मुंग्यांचे लाडू खाल्ले. काका पाण्यात पाय सोडून बसले होते. एकाएकी ते म्हणाले, "पाणी छान आहे." काकूंनी चमकून पाहिलं. काकांनी कुणी न विचारता एक मत दिलं होतं, आणि ते गोलही झाले नव्हते.

त्यानंतर करवंदीच्या जाळीत चाचणी झाली. मग बांबूच्या बनात झाली. आणि मग एका दुपारी काकांनी जाहीर केलं, की झालं, ससाणाच घ्यायचा, उद्या काजवा परत करून येतो.

काकू वारुळाची माती चाळत होत्या. त्यांचा हात थांबला. कॅमेरा ठरला म्हणजे चाचणी संपली. चाचणी संपली म्हणजे उद्यापासून घर, आणि टेकडीपलीकडून येणारा नुसता आवाज. काकूंना रडू यायला लागलं. पण त्या हुशार होत्या. त्यांनी माती पुन्हा चाळायला घेतली आणि सहज आवाजात विचारलं, "ससाणा चांगलाच आहे हो. पण जेवणाऱ्या मंडळींचे फोटो त्यात कसे येतात, ते कुठे बघितलंय?"

काका विचारात पडले, आणि मग गोल झाले. दुसऱ्या दिवशी सगळे डबा घेऊन जांभळीखाली गेले.

इथून पुढे खवल्यांच्या घरात शंकांना बहर आला. काकांचा निर्णय झाला रे झाला, की काकू एक शंका काढत. वाऱ्यात बघितलं का? पाठीवर ऊन घेऊन बघितलं का? मावशीच्या घरी बघितलं का? ठमीही तयार झाली. झोका उंच गेल्यावर फोटो हलतो की नाही, हे तिनेच विचारलं. त्यासाठी पिंपळाच्या पारंब्यांवर जायचं ठरलं. पिंपळाला पारंब्या नसतात, हे तिथे पोचल्यावर कळलं. मग पलीकडच्या डोंगरावरच्या वडापर्यंत जावं लागलं, ते वेगळंच. एकदा रडणाऱ्या मुलांचे रंग कसे येतात, याची चाचणी घ्यायची ठरली. पण ठमीला रडूच येईना. काका तिला रडायच्या खुणा करून दाखवत होते आणि ती हसून हसून शेपटीवरून खाली पडत होती.

काकू त्या दिवसांत फार आनंदात होत्या. आपण काकांना फसवतोय, याचं त्यांना जरा वाईट वाटे. पण डबा भरताना ते विसरायला होई.

पण शेठचा संयम संपला. रानडुकराच्या घरी लग्न होतं आणि त्यांना कॅमेरा हवा होता. शेठनी निरोप पाठवला, की येत्या बाजाराला एक कॅमेरा ठेवा आणि एक आणून द्या, नाहीतर दोन्ही आणा.

बाजाराच्या दिवशी तिघं निघाली. कुणी डबा घेतला नव्हता. ठमी शेपटीवर गप्प बसली होती आणि वाटेतल्या प्रत्येक झाडाकडे मान वळवून बघत होती. काकूंना तिच्याकडे पाहवेना.

दुकानात शेठनी दोन्ही कॅमेरे मांडले आणि विचारलं, कुठला? काका ताबडतोब गोल झाले. शेठनी पाठीवर टकटक केलं.

"शेठ, धुक्यात बघायचं राहिलंय," काकू घाईघाईने म्हणाल्या. "एवढं धुकं पडू दे."

शेठनी कपाळावर हात मारून घेतला. मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, आता खरं सांगतो. दोन्ही कॅमेरे आतून एकच आहेत. एकाच ठिकाणाहून येतात. वरची झाकणं वेगळी, ती मी स्वतः बसवतो. धुक्यात बघा नाहीतर विहिरीत बघा, एका केसाचा फरक दिसणार नाही."

काकूंच्या अंगावरचे सगळे खवले एकदम खाली बसले. संपलं. आता कुठलीही शंका काढायला जागा राहिली नव्हती. ठमीने शेपटी घट्ट धरली.

तेवढ्यात गोळ्याच्या आतून आवाज आला, "ते मला माहीत आहे."

सगळे गोळ्याकडे बघायला लागले. काकूंनी खाली वाकून विचारलं, "अहो, केव्हापासून?"

"धबधब्यापासून. तुम्ही दोनदा घसरलात ना, ते दोन्ही फोटो मी शेजारीशेजारी ठेवले होते. एकसारखे."

"मग बोलला का नाहीत?"

गोळा थोडा उलगडला. काकांचं नाक बाहेर आलं. "बोललो असतो, तर दुसऱ्या दिवशी घरी बसलो असतो. निर्णय जाहीर करायचो, तोही तुम्ही शंका काढावी म्हणूनच. आणि मला तुमच्याबरोबर हिंडायला आवडतं, हे मी तरसाला काय तोंडाने सांगणार होतो?"

काकूंनी काकांच्या नाकावरची माती पुसली. "मलाही धुक्याचं काही पडलेलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

ठमीने डोळे मिटून एका कॅमेऱ्यावर पंजा ठेवला. तो काजवा निघाला. शेठनी सुटकेचा श्वास टाकला, ससाणा लग्नघरी पाठवला आणि काजवा पानात बांधता बांधता सवयीने बोलून गेले, "याला पिशवी लागेल ना? दोन प्रकारच्या आहेत. एक खांद्याची, एक पाठीची."

बोलल्यावर त्यांना कळलं, आपण काय केलं. पण उशीर झाला होता. काका हळूहळू गोल व्हायला लागले होते. या वेळी मात्र त्यांचा एक डोळा बाहेरच राहिला, आणि तो काकूंकडे बघत होता.

"चढावर कुठली रुतते," काकू म्हणाल्या, "ते चालल्याशिवाय कसं कळायचं?"

शेठ खाली बसले. ठमी शेपटीवर आधीच नीट सावरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी वळणावर तरस भेटलं. काय काम काढलंत, असं त्याने विचारलं. पिशवीची चाचणी, काका म्हणाले. तरसाने आदराने वाट दिली. मग थोडं घुटमळलं, पाय जमिनीला घासत उभं राहिलं आणि म्हणालं, "मीही एक पिशवी घ्यायची म्हणतोय. हिला आणि पोरांना घेऊन येऊ का मागोमाग?"

हल्ली त्या जंगलात कुणाकडे गेलात तर घरी कुणी सापडत नाही. सगळे चाचणीवर असतात.

तात्पर्य: मुलांनो, खरेदी करताना दोन वस्तूंमधला फरक अगदी बारकाईने शोधावा. सापडला, तर कुणाला सांगू नये. आणि नाही सापडला, तर मुळीच सांगू नये.