लाल झग्याला उलटी टीप

चाळीस वर्षं शिलाई मशीनवर काढलेल्या माणसाच्या नजरेतून उसवलेली शिवण सुटत नाही. माणूस भेटला की मी आधी त्याची शिवण पाहतो, मग तोंड. काही जणांचं तोंड पाहायचं राहूनच गेलंय!

परदेशी सहलीला निघताना बायकोनं शपथच घातली. "अहो, आठ दिवस सुईला हात लावायचा नाही. जन्मभर तुमच्या दुकानात मी काजं केली. एक संध्याकाळ तरी मला नवऱ्याबरोबर बसू द्या, शिंप्याबरोबर नको."

मी मान डोलावली. कोटाच्या कॉलरखाली दोरा ओवलेली एक सुई तेवढी राहिली होती. विमानतळावरच्या यंत्राला ती सापडली नाही, तर बायकोला काय सापडणार!

ती संध्याकाळ म्हणजे जेवण आणि नाच. बायको ठेवणीतलं नेसली होती. समोरचं सूप कुणी दुसऱ्यानं वाढलंय, याचंच तिला इतकं अप्रूप की ती चमचा उचलेना. "आज मी उठणारच नाही," म्हणाली.

नाच सुरू झाला. मुख्य नर्तिका टेबलांमधून फिरत आमच्यापाशी आली आणि माझ्याकडे पाठ करून पुतळ्यासारखी उभी राहिली. गायकानं एक सूर धरला तो सोडेचना. आणि मला दिसलं! लाल झग्याची मागची शिवण, कमरेपासून खालपर्यंत, नुसत्या कच्च्या टाक्यांवर!

कुणाची तरी लेक. भर सभेत फजिती होणार. वाचकहो, अशा वेळी शपथ मोठी की माणुसकी?

बायको गायकाकडे पाहत होती. मी खाली वाकलो आणि दुहेरी दोऱ्यानं उलटी टीप मारली. गायकाचा श्वास संपायच्या आत हातभर शिवण झाली! काळ्या दोऱ्यानं लाल कापड शिवलं, याची मात्र मला आजही लाज वाटते.

नर्तिका रंगमंचावर परतली. आमचा सहलप्रमुख माझ्या कानाशी आला. "काका, आता बघा हं! एका झटक्यात लाल झगा सुटतो आणि आतून सोनेरी पोशाख निघतो. लोक येतात ते याच्यासाठी!"

माझा हात आपोआप कॉलरकडे गेला.

नाचातल्या जोडीदारानं झटका दिला. झगा जागेवर, नर्तिकाच भोवऱ्यासारखी गरगरली. त्यानं पुन्हा ओढलं. दुसरा धावला, तिसरा धावला. नववा आला तेव्हा ढोल वाजवणाराही ढोल टाकून ओढत होता! टाका काही हलेना. शेवटी वाद्यं थांबली. ती पोरगी तिथंच उभी राहिली, ओठ दाबून, डोळे भरून.

"कॉलर दाखवा," बायको म्हणाली.

"अगं, मी काय म्हणतो..."

"दाखवा."

कॉलरखाली सुई होती, दोरा नव्हता. तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

आणि न उठणारी ती बाई उठली. ताठ चालत रंगमंचावर गेली, नर्तिकेच्या पाठीवरून हात फिरवला, गुडघे टेकले आणि माझी गाठ दातात धरून हिसडा दिला. कट्‌! लाल झगा खाली, सोनेरी पोशाख वर! सगळं सभागृह उभं राहिलं. नर्तिकेनं बायकोला मिठी मारली.

ती परत आली, तोंडावर हात ठेवून बसली. सूप गार झालं होतं.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

ती हाताआडूनच म्हणाली, "टाका मात्र पक्का होता हो."

चाळीस वर्षांतली पहिली शाबासकी! माझा ऊर भरून आला. तेवढ्यात तिनं मूठ उघडून माझ्यापुढे धरली. तळहातावर माझा काळा दोरा होता आणि दोऱ्याच्या गाठीला तिचा पुढचा दात.

उरलेल्या सहलीच्या फोटोंत ती कुठंच हसलेली नाही. पाहुणे विचारतात, "काकू रागावल्या होत्या का?" मी गंभीरपणे "हो" म्हणतो. खरं सांगायची मला बंदी आहे.