गॅलरींतील खुर्चीची मोहीम आणि तारखेची फत्ते

लेखनास कारण ऐसें जे, किल्ले घेणारांच्या हकीकती पुष्कळांनीं लिहून ठेविल्या, परंतु लग्न ठरल्यावर पहिल्याच रविवारीं घरांत जें रण माजतें त्याची हकीकत कोणी लिहीत नाहीं. जे त्या रणांत होते ते पुढें त्याविषयीं बोलत नाहींत आणि जे नव्हते त्यांस तें खरें वाटत नाहीं. सबब तिसऱ्या मजल्यावरील एका घरीं, दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि एक अरुंद गॅलरी इतक्या मुलखांत जें घडलें, तें तिखटमीठ न लावितां येथें लिहिलें आहे. कोठें थोडें लागलेंच असेल तर तें चवीपुरतें समजावें.

त्या घरच्या धाकट्या ताईसाहेब चष्म्याच्या दुकानांत डोळे तपासण्याच्या हुद्द्यावर होत्या. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड फ्रेम चढवावी, एक भिंग घालावें, तें काढून दुसरें घालावें आणि पुसावें, "हे बरं दिसतं की मघाचं?" एका वेळीं दोनच भिंगें पुढें करावीं, तिसरें काढिलें कीं गिऱ्हाईक गांगरतें, हा त्या दुकानचा दस्तूर. त्यांचा विवाह फ्रीज दुरुस्त करणाऱ्या एका शांत गृहस्थाशीं मुक्रर जाहला, आणि उभयतांनीं दुकानाच्या पायरीवर बसून मनसुबा केला कीं, लग्न करायचं, पण कोणाचं डोकं न उठवता. हा मनसुबा ऐकून शेजारचा चावीवाला हंसला. तो संसारी मनुष्य होता.

ताईसाहेबांच्या मनीं आणखी एक शपथ होती, ती ऐसी. थोरल्या ताईसाहेबांच्या लग्नांत समस्त कुटुंबाचा फोटो घेतेसमयीं आत्यासाहेब जागेवर नव्हत्या, आणि आईसाहेबांनीं फोटोवाल्यास "घ्या हो, उशीर होतोय" ऐसा हुकूम दिला. तो फोटो आजतागायत बैठकीच्या भिंतीवर आहे, त्यांत हॉलचा वीजवालाही मान वांकडी करून डोकावतो आहे, आत्यासाहेब मात्र नाहींत. तेव्हांपासून नणंदभावजयींची बोलाचाल बंद. एका खोलींत, एका सोफ्यावर बसल्या तरी निरोप बाबासाहेबांमार्फत जात. "वहिनींना म्हणावं, साखर कमी आहे," आणि बाबासाहेबांनीं मान फिरवून तेंच सांगावें, आणि मग मान परत फिरवून उत्तर न्यावें. ह्या जासूदगिरीनें त्यांची मान धरली होती. ताईसाहेबांनीं जावईबापूंस सांगून ठेविलें होतें कीं, माझ्या लग्नापायीं घरांत आणखी एक अबोला जरी पडला, तर मला हें लग्नच नको. हें त्या थट्टेनें बोलल्या नव्हत्या, आणि जावईबापूंस तें समजलें होतें, म्हणून त्यांस आठवडाभर झोंप गोड लागली नव्हती.

आतां ह्या घराण्याची एक चाल सांगणें जरूर. गॅलरींत वेताची एक खुर्ची होती. घरांत जो रुसेल त्यानें तींत जाऊन बसावें, आणि इतरांनीं त्यास दामटून बोलूं नये. मग कोणी तरी चहा न्यावा, आणि रुसलेल्यानें आपली एकच मागणी सांगावी, एकापेक्षां जास्त नाहीं, आणि ती पुरी होईतों घरांत कोणीं जेवायला बसूं नये. ही चाल पणजोबांनीं घालून दिली म्हणतात, तेही रागीटच होते. चहा नेण्याचें काम लहानपणापासून धाकट्या ताईसाहेबांकडे. सगळ्यांस उठविलें, परंतु स्वतः त्या खुर्चींत एकदांही बसल्या नव्हत्या.

मग रविवारीं सकाळीं खलबत बसलें, जावईबापूंसही बोलाविलें होतें. मामासाहेब आपल्या मित्राच्या हॉलचीं रंगीत चित्रें घेऊन पुढें सरसावले. आत्यासाहेबांस लग्न मोकळ्या मैदानांत, झाडांखालीं पाहिजे होतें. आईसाहेब पाहुण्यांचीं नांवें घेत होत्या आणि तीं कांहीं केल्या संपत ना. ताईसाहेबांनीं नम्रपणें अर्ज केला कीं, आज फक्त तारीख ठरवूं, बाकी मागाहून. परंतु नगाऱ्यापुढें टिमकीचें कोण ऐकतो! खुर्च्यांचीं आच्छादनें पांढरीं कीं फिकट पिवळीं ह्यावर घटकाभर झुंज चालली, आणि लग्नाची जागा अद्याप ठरली नाहीं हें कोणाच्या ध्यानींही राहिलें नाहीं. इतक्यांत आत्यासाहेब बाबासाहेबांस बोलल्या, "दादा, मामांना म्हणावं, त्यांच्या हॉलला गाड्या लावायला जागा नाही."

हा बाण मामासाहेबांच्या जिव्हारीं लागला. त्यांनीं चित्रें गुंडाळिलीं आणि गॅलरी गांठली आणि खुर्ची अडविली. मग पाहुणे जास्त होतात ऐसें बाबासाहेब पुटपुटले, तेव्हां आईसाहेब उठल्या आणि गॅलरींत आल्या, तों खुर्ची भरलेली. मग तेथूनच, मैदानांत डांस चावतील, ऐसा आईसाहेबांचा निरोप बाबासाहेबांमार्फत आत्यासाहेबांस पोंचला, त्याही उठल्या. गॅलरी एवढीशी, वर ओले कपडे वाळत घातलेले, एका बाजूस कुंड्या, आणि रुसायला तिघे. खुर्चीसाठीं रांग लागावी हें त्या घराण्याच्या इतिहासांत प्रथमच. नणंदभावजया ओल्या चादरीच्या दोन अंगांस उभ्या, एकमेकींस दिसूं नये अशा बेतानें.

ताईसाहेबांनीं दस्तुराप्रमाणें चहा नेला. मामासाहेबांनीं एक घोट घेतला आणि मागणी सांगितली कीं, हॉल एकदां नुसता पाहून तरी या. ती मंजूर होतांच ते उठले. आईसाहेब पाऊल टाकणार, आत्यासाहेबही टाकणार, इतक्यांत ताईसाहेब स्वतःच त्या खुर्चींत बसल्या.

बाबासाहेबांच्या हातून वर्तमानपत्र गळालें. ही पोर कधीं रुसली नव्हती. आतां हिला चहा कोणीं न्यावा, हेंच कोणास उमजेना. जावईबापू पुढें जाणार होते, परंतु ताईसाहेबांनीं त्यांस नजरेनेंच थोपविलें. मग आईसाहेब कप घेऊन आल्या, आणि आत्यासाहेब बशी घेऊन आल्या, कारण घाईंत आईसाहेब बशी विसरल्या होत्या.

"काय हवंय बाळा तुला?" आईसाहेबांनीं विचारिलें.

"तारीख. तुम्ही दोघींनी मिळून सांगायची. बाबांना मध्ये न घेता."

हें ऐकून बाबासाहेबांनीं मान चोळली आणि डोळे मिटले. चादरींतून पाणी ठिबकत होतें. शेवटीं आत्यासाहेब चादरीकडे पाहत बोलल्या, "मला कशाला विचारतेस? ज्यांना फोटोत माणूस नसलं तरी चालतं, त्यांनाच विचार."

"हाक मारली होती मी," आईसाहेब एकाएकीं उसळल्या आणि थेट आत्यासाहेबांकडे वळल्या. "दोनदा मारली! तुम्ही कुठे होतात, वन्सं?"

"चपलांच्या ढिगाऱ्यात! तुमच्याच शोधत होते. सकाळपासून अनवाणी फिरत होतात त्या तापल्या फरशीवर. कोणाला दिसत नव्हतं, मला दिसत होतं."

आईसाहेब हळू आवाजांत बोलल्या, "त्या मला खोलीच्या दाराशी मिळाल्या होत्या. नीट जोडीनं लावलेल्या. मला वाटलं, हॉलवाल्यांनी ठेवल्या."

"हॉलवाले कशाला ठेवतात? मीच ठेवल्या. आणि येऊन बघते तर फोटो झालेला."

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारायचं नाही का?"

इतकीं वर्षें एका जोडीपायीं गेलीं, हें दोघींस एकदमच कळलें. आईसाहेबांनीं पदर डोळ्यांस लाविला, आत्यासाहेबांनीं जवळची ओली चादरच लाविली. ताईसाहेबांस खुर्चींत बसल्या बसल्या रडूं कोसळलें, चहा निवत होता तो निवूं दिला. मग नाक पुसून त्या आपल्या धंद्याच्या सुरांत बोलल्या, "आता दोनच दाखवते. उन्हाळ्यात सगळ्यांचे फ्रीज बिघडतात, तो नको. थंडी सरता सरता बरं, की पाऊस गेल्यावर?"

"पाऊस गेल्यावर," दोघी एकाच श्वासांत बोलल्या, आणि मग आधीं कोण बोललें ह्यावर वाद घालूं लागल्या. तो वाद ऐकून बाबासाहेबांच्या डोळ्यांस पाणी आलें, कारण तो त्यांना कोठें न्यावा लागला नाहीं. जावईबापूंनीं लागलीच भिंतीवरच्या कॅलेंडरांत त्या महिन्यांतील एका शनिवारास गोल केला आणि हातचा पेन खिशांत टाकिला, न जाणों कोणी खोडील. मग समस्त मंडळी उभ्या उभ्याच जेवली, कारण सगळे सोफे मामासाहेबांनीं पुन्हां पसरलेल्या हॉलच्या चित्रांनीं भरले होते.

येणेंप्रमाणें तारखेची मोहीम फत्ते जाहली. हॉल ठरला नाहीं, मैदान ठरलें नाहीं, पाहुण्यांच्या नांवांचा अंत लागला नाहीं, आणि खुर्च्यांचें आच्छादन पांढरें कीं पिवळें तें अद्याप वादांत आहे. तो मुलूख पुढें एकेक करून घेतां येईल. तूर्त घेतलें तें इतकेंच, आणि तें पुरेसें. संध्याकाळीं आत्यासाहेब घरीं जाण्यास निघाल्या तों दारांत त्यांच्या चपला कोणीं तरी आधींच काढून, पुसून, जोडीनें लावून ठेविल्या होत्या. त्यांनीं त्या पायांत घातल्या आणि ह्या खेपेस विचारिलें, "वहिनी, तुम्हीच ना?" आंतून उत्तर आलें तें सर्वांनीं ऐकिलें, आणि म्हणून तें येथें लिहून शेवट केला: "मग काय, हॉलवाले?"