दस्तगीरचाचांच्या माईसाहेब

आमच्या शेजारचे दस्तगीरचाचा बागेच्या फाटकाशी चपला झटकतात, घसा खाकरतात आणि आतल्या रिकाम्या बाकाला विचारतात, "माईसाहेब, येऊ का?" मग जरा थांबतात. परवानगी मिळाल्यासारखी मान हलवून आत शिरतात. माईसाहेब वारल्या तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.

मिरजेतली ही बाग माईसाहेबांचीच. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून पोरांना खेळायला त्यांनी ती गावाला देऊन टाकली. चाचांचे वडील तिथे माळी होते. खुद्द चाचांनी जन्मभर सतारी बनवायच्या कारखान्यात भोपळे घासले, पण बोलायला बसले की गाडी बागेवर येते. "इतिहास हाय ह्यो, गप्पा न्हाईत," असं बजावून ते सुरू करतात, आणि दर खेपेला त्या इतिहासात एखादं झाड वाढतं.

भूत मात्र चाचांनीच आणलं. सकाळी पिशव्या घेऊन पूजेसाठी फुलं ओरबाडणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग. "जास्वंदीला हात लावला की माईसाहेब मागनं येत्यात, पार घरापत्तोर," असं त्यांनी गावभर केलं. पांढरं लुगडं, हातात कात्री. फुलं नेणारे ढिम्म हलले नाहीत. देवासाठी तोडतो, आम्हाला भूत काय करणार, असं त्यांचं म्हणणं. घाबरल्या त्या आया. पोरं यायची बंद झाली, झोपाळे गंजले, आणि बाग ओसच पडलीय तर तिथं गाड्या लावू, अशी कुजबुज सुरू झाली.

चाचांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

"भूत मागं घ्या की, चाचा," मी म्हणालो.

"आसं कसं मागं घिऊ? माझ्या शब्दाला किंमत हाय रं गावात."

आधी त्यांनी माईसाहेबांना गुडघेदुखी लावली. "वय झालं त्यांचं. आता कुनाच्या मागं पळत न्हाईत." पण आमची पडली मिरज. "गल्लोगल्ली दवाखाने आहेत, घेतील ऑपरेशन करून," असं एका आईनंच त्यांना ऐकवलं.

दोन-चार दिवस चाचा विचारात होते. मग फाटकाशी उभं राहून येईल त्या बाईला सांगू लागले, "आवं, पोरांचा दंगा आसला की माईसाहेब येतच न्हाईत. समदं गप झालं, तरच येत्यात."

हे मात्र लागू पडलं. सुट्टीच्या दिवशी पोरं आली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली. मिरजेच्या आया पोरांना "ओरडा रे, गप्प बसू नका" म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकल्या. आता रोज तोच गोंधळ असतो. गाड्यांचं कुणी नाव काढत नाही आणि परवा झोपाळ्यांना रंगही लागला.

त्याच संध्याकाळी पोरं घरी गेल्यावर चाचा एकटेच बाकावर बसलेले दिसले. मी चेष्टेनं म्हणालो, "असे गप्प बसलात तर येतील हं माईसाहेब."

"म्हून तर बसलोय."

मला हसू आलं नाही. चाची गेल्यापासून त्यांच्या घरात रेडिओसुद्धा वाजत नाही, हे मला ठाऊक होतं.

"ल्हानपनी माईसाहेब मला म्हनायच्या," चाचा सांगू लागले, "दस्तू, जोरात वरड रं, घर लय गप हाय. आता आल्या तर सांगावं म्हनतो, पोरं आली म्हून."

मला त्यांची फार माया आली. मी बाकावर टेकायला गेलो, तर त्यांनी हातानं मला कडेला सरकवलं.

"बस. पर मधी जागा ठेव."

मी मध्ये जागा ठेवून बसलो.