पितळी मोरांचे धनुष्य

धनुष्याची टोके जितकी जड, तितका बाण दूर जातो, हा सिद्धान्त डिंगोऱ्याच्या रखमाजी गुरुजींनी चावडीवर मांडला आणि त्यासाठी महिनाभराचे मौन पणाला लावले! निवृत्तीनंतरच्या सात वर्षांत गुरुजींनी एकही वाद अर्धवट सोडला नव्हता. ही पैज कानी येताच त्यांच्या पत्नीने, साळुबाईंनी, देवापुढे दिवा लावला. कोणाच्या जयासाठी, ते मात्र सांगितले नाही.

बांबूचे ते धनुष्य गुरुजींनी स्वहस्ते घडवले होते. त्याचा बाण बांधावरच्या बाभळीपर्यंत, मोजून साठ पावले, जाई. परंतु त्याची करंगळीएवढी निमुळती टोके गुरुजींना उपसंहाराविना संपलेल्या निबंधासारखी दरिद्री वाटत. म्हणून त्यांनी जुन्नरला पितळकाम करणाऱ्या दिलावरभाईंकडून पावपाव किलोचे दोन मोर ओतून घेतले होते. वाद पेटला तो चावडीवरच, मोर घेऊन आलेले दिलावरभाई ते लाखेने चिकटवत असताना.

"गुरुजी, बांबूला आधी हे मोर पळवावे लागणार. बाणाला काय उरंल?"

"हातोड्याचे डोके जड नसते, तर खिळा आत गेला असता काय?"

"डोकं खिळ्यावर बसतं. मोर बाणाला कुठं लागतो?"

यावर गुरुजींनी पाऊण तास उत्तर दिले. अखेर ठरले: मोरांसह सोडलेला बाण बाभळीपलीकडे गेला नाही, तर गुरुजी महिनाभर तोंड उघडणार नाहीत.

रविवारी कांदा काढलेल्या रानात सारी आळी लोटली. गुरुजींनी काचा खोचला, दोरी कानापर्यंत ओढली आणि सोडली. धनुष्याने असा हिसका दिला की त्यांची कवळी जागची हलली! बाण बावीस पावलांवर, उन्हाने शिणलेल्या वाटसरूसारखा, ढेकळांत आडवा झाला. खालचा मोर निष्ठेने जागीच राहिला. वरचा मात्र सुटला, उन्हात झळकला, बाणावरून गेला, बाभळीवरून गेला आणि पलीकडच्या घासाच्या शेतात पडला!

गुरुजींनी स्वतः पावले मोजली. एकाहत्तर.

"बाणाचं बळ कुणी खाल्लं, दिसलं का?" दिलावरभाईंनी हलकेच विचारले.

"गेला की नाही बाभळीपलीकडे?" गुरुजी कवळी सावरत गरजले.

"मोर गेला," साळुबाई म्हणाल्या. "पैज बाणाची व्हती. आता गप ऱ्हावा."

गुरुजी शब्दाला जागले. त्यांनी खंडनाच्या तीन वह्या भरल्या, पण मुखातून अक्षर काढले नाही. घरात भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक प्रथमच ऐकू आली.

एकोणतिसाव्या दिवशी साळुबाई धनुष्य घेऊन एसटीने जुन्नरला गेल्या. चिंचेने घासून लख्ख केलेला मोर त्यांनी पदराच्या गाठीतून सोडून दिलावरभाईंपुढे ठेवला.

"भाऊ, ह्यो परत बसवा. लाख मातुर बेतानंच लावा. उद्या त्यांचा महिना संपतोय."