अकरा संदेष्टे आणि एक अर्ज

सर्व मराठी वाचकांच्या सेवेशी.

अर्जदार: भीमराव अर्जनवीस, तहसील कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसणारा, शिक्षण उर्दू चौथी व त्यापुढे अनुभव. ज्यांच्याविषयी अर्ज: शमुवेल मास्तर, मिशनच्या शाळेतून निवृत्त, राहणार हुमनाबाद, अर्जदाराच्या भिंतीला भिंत लागून. घटनेचा वार: शुक्रवार, बाजाराचा. साक्षीदार: गुरप्पा अण्णा, त्यांचे दोन बैल आणि सबंध बाजार.

हकीकत अशी की, सदर शुक्रवारी मास्तर गुरप्पांच्या औताचे जू स्वतःच्या मानेवर घालून भर बाजारातून कचेरीपर्यंत चालत आले. जू दोन बैलांचे, मास्तर एकटे. सबब ते एका बाजूला कलले होते आणि वळताना मास्तरांनी एक पालाचा खांब व दोन टोपल्या पाडल्या. मागून गुरप्पा धावत आले.

"मास्तर, माझी बैलं मोकळी उभी हायती, अन् तुमी औताला निघालाव व्हय?"

"यिर्मयानं घातलं होतं, अण्णा. घालून बघितल्याबिगर लिहायचं कसं?"

"कोण्या गावचा हाय ह्यो यिर्मया? त्याच्याकडं बैल नव्हते का?"

मजकूर वाचकांस खुलासा करणे माझे कर्तव्य आहे. ख्रिस्ती लोकांच्या शास्त्राच्या जुन्या भागात देवाचा निरोप सांगणारे पुरुष आहेत, त्यांस संदेष्टे म्हणतात. हे लोक नुसते बोलत नसत, निरोप करून दाखवीत. यिर्मयाने मानेवर जू घेतले, ते राजाच्या गुलामीची खूण म्हणून. या सर्व संदेष्ट्यांवर आजच्या ख्रिस्ती वाचकास समजेल अशी मराठी टीका, म्हणजे अर्थविवरण, लिहिण्याचे काम मास्तरांनी अंगावर घेतले होते. निजाम गेला, पोलीस ॲक्शन झाली, कचेरीची भाषा बदलली, माझ्या उर्दू मायन्यास कोणी विचारीनासे झाले. पण मास्तरांचे लिहिणे थांबले नाही. कोणी कोथिंबिरीच्या जुडीचा भाव सांगितला तरी ते सवयीने म्हणत, "मूळ हिब्रूत तसं न्हाई."

त्यांचा नियम एकच: जे संदेष्ट्याने केले ते टीकाकाराने आधी करून पाहावे. यशया तीन वर्षे उघडा व अनवाणी फिरला, असे शास्त्रात आहे. मास्तरांनी त्या प्रकरणास हात घातला त्या सकाळी त्यांच्या पत्नी रूथबाई यांनी दाराला बाहेरून कडी घातली व खिडकीतून सांगितले, "आत बसूनच लिवा. वाचणाऱ्याला तेवढं कळतंय." त्या प्रकरणावरील टीका, माझ्या मते, सर्वांत संयमित उतरली आहे.

यानंतर यहेज्केल. हा संदेष्टा लोकांच्या पापाचा भार दाखविण्यासाठी तीनशे नव्वद दिवस डाव्या कुशीवर निजला. मास्तर ओसरीत डाव्या कुशीवर निजले. मी मधल्या भिंतीवरून रोज पाहत असे. रूथबाई झाडताना त्यांच्या कडेकडेने झाडीत, जसे खांबाच्या कडेने झाडावे. त्याच संदेष्ट्याला शेणाच्या जाळावर भाकर भाजून खाण्याची आज्ञा झाली होती. मास्तरांनी निजल्या निजल्या ती खाल्ली व मला टीप सांगितली: "ही आज्ञा विटंबनेची आहे. तथापि बिदर जिल्ह्यातील वाचकाने यात विटंबना शोधू नये. त्याची भाकर रोज गोवरीवरच भाजते."

सुमारे सव्वा महिन्याने एके दुपारी रूथबाई ट्रंक घेऊन उदगीरला बहिणीकडे गेल्या. मास्तर त्या संध्याकाळी उठून बसले. कारण काही कळले नाही, आणि विचारणे शेजारधर्मास सोडून झाले असते, सबब मी फक्त तीनदा विचारले.

पुढे बारा लहान, म्हणजे थोडक्या मजकुराचे, संदेष्टे होते. मास्तर एकापाठोपाठ एक उरकू लागले. आमोस मेंढपाळ होता म्हणून आठवडाभर दुसऱ्याच्या मेंढ्यांमागे फिरले. चार मेंढ्या अद्याप सापडलेल्या नाहीत. अखेरीस चर्चचे पाळकसाहेब वही चाळून म्हणाले, "मास्तर, मिशनच्या छापखान्याची समिती बारा मागते. हे अकराच आहेत. पहिलाच होशेय कुठं हाय?"

"त्याचं बघू," मास्तर म्हणाले. हे बघू दोन वर्षे चालले. समितीने कळविले की होशेय आल्याशिवाय एक पानही छापणार नाही.

मग एके दिवशी दुपारी, कचेरीत जेवणाची सुट्टी असताना, मास्तर लिंबाखाली माझ्यासमोर येऊन बसले. गिऱ्हाईक बसते तसे बसले.

"भीमराव, एक अर्ज लिहायचाय. रूथला."

"तुम्ही एवढे विद्वान. स्वतः कामून लिहीत न्हाई?"

"तीनदा लिहिलं. मी लिहाया लागलो की खाली टीपा पडतात."

मी कागद घेतला. ते म्हणाले, "होशेयची बायको घर सोडून गेली होती. देवानं त्याला सांगितलं, जा, तिच्यावर पुन्हा माया कर, तिला घरी आण. सगळे टीकाकार लिहितात, होशेय म्हणजे नवरा. मला ते करून बघायचं होतं. उदगीरच्या मोटारीत दोनदा बसलो अन् दोनदा अर्ध्या वाटेत भालकीलाच उतरलो."

"का?"

"तिला ताप होता, भीमराव. ती आतून पाणी मागायली होती. मी डाव्या कुशीवर होतो. म्हणलं, उठलो तर दिवसांची मोजणी मोडंल. ती भिंतीला धरून धरून रांजणापर्यंत गेली. मी बघितलं. आमच्या घरात चुकलेला माणूस मी हाय. मग होशेय ती झाली. आता माया करायची का न्हाई, ते तिनं ठरवायचं. माझ्या हातात करून बघण्यासारखं काही न्हाईच."

मी मागणीच्या रकान्यात लिहिले: अर्जदारास परत घरात घ्यावे. लिहून झाल्यावर हरकत घेतली की घर आपले, आपण त्यातच राहता, बाहेर त्या आहेत. मागणी कायद्याने उलटी होते.

"घर तिचं हाय," मास्तर म्हणाले. "मी नुसता आत राहायलोय. तसंच राहू द्या."

आयुष्यात मी शेकडो अर्ज लिहिले, मागणी अशी उलटी एकातही लिहिली नव्हती. मी लिहिणावळ घेतली नाही, याची नोंद व्हावी. अर्ज टपालाने गेला. उत्तर नाही. दुसरा गेला. उत्तर नाही. बहिणीने बिऱ्हाड बदलल्याचे ऐकतो, नवा पत्ता कोणास ठाऊक नाही. सबब मास्तरांस न विचारता ही हकीकत जाहीर वाचकांपुढे ठेवीत आहे.

मागणी: उदगीर बाजूच्या ज्या वाचकास रूथबाई ठाऊक असतील त्यांनी हा कागद त्यांच्या हाती द्यावा, त्यांना वाचता उत्तम येते. रूथबाईंनी दोन ओळी लिहाव्यात. येत नाही, एवढेच लिहिले तरी चालेल. टपालवाल्याच्या वेळेला मास्तर रोज दारात उभे राहतात, आणि तो पुढे गेल्यावरही बराच वेळ उभेच असतात. उत्तर आले तर निदान त्यांना खाली बसता येईल. लवकर उत्तर मिळून न्याय व्हावा, ही विनंती.

सही, भीमराव अर्जनवीस